सालेकसा लाल काऊन?

६ जानेवारी २०२५, सोमवार

लागला एकदाचा! आमच्या गोंदियाच्या तांदूळ मिलमध्ये, मीटिंगच्या खोलीत भिंतीवर टीव्ही, अन् टीव्हीवर आमचा डॅशबोर्ड. चार महिन्यांचं काम. आधी गेटचं रजिस्टर वेगळं, मिलचं वेगळं, माझ्या लॅबचं वेगळं. कोणी कोणाचं पाहत नव्हतं. आता सगळं एका पानावर. कोणत्या केंद्राचं धान किती आलं, किती ओलं होतं, तांदूळ किती निघाला, कनकी किती झाली. बोट लावलं की महिना बदलतो.

मिलमालक इंद्रकुमार सेठजी आले. चष्मा काढून पुसला, परत लावला. म्हणाले, "बेटा, ये लाल वाला क्या है?"

लाल म्हणजे सालेकसा. धान घ्यायची आमची तीन केंद्रं— गोरेगाव, कोहमारा, सालेकसा. दोन हिरवी, एक लाल. शंभर किलो तांदळात तुटलेला दाणा गोरेगावचा अठरा किलो, कोहमाऱ्याचा एकोणीस, सालेकशाचा सत्तावीस! ही तुटकी कनकी म्हणजे आमच्या धंद्यातला रडका भाग. तिला तांदळाचा भाव मिळत नाही.

हिमांशूभैया— सेठजींचा मुलगा, पुण्याहून शिकून आलेला, डॅशबोर्ड त्याच्याच डोक्यातून निघालेला— खूश होता. "पप्पा, अब अंदाज से नहीं, डेटा से फैसला होगा. सब दीदी ने बनाया है."

दीदी म्हणजे मी. दुर्गेश्वरी रहांगडाले, बीएस्सी, सहा वर्षांपासून कनकी मोजणारी बाई. पहिल्यांदाच त्या खोलीत मला खुर्ची मिळाली.

७ जानेवारी

घरी सांगितलं. गुंजनचे बाबा एसटी डेपोतून आले होते, खाकी बुशकोट काढता काढता म्हणाले, "मग पगार वाढवा म्हणा त्यांना." गुंजनने विचारलं, "आई, तू टीव्हीवर दिसते का?" मी नाही, माझ्या आकड्यांचे गोल अन् दांड्या दिसतात म्हटलं. तिचा हिरमोड झाला.

११ जानेवारी, शनिवार

मीटिंग झाली. मनासारखी झाली असं म्हणायला पाहिजे, पण...

हिमांशूभैयाने सालेकशाचं पान उघडलं. नोव्हेंबर लाल, डिसेंबर लाल, जानेवारीचे दहा दिवस लाल. म्हणाला, सालेकसा बंद करू. ट्रक, भाडं, माणसं, सगळं तिथं घालवतो अन् माल सगळ्यात खराब येतो. त्यापेक्षा आमगावला एक नवं केंद्र.

सेठजींनी चष्मा काढला. मग म्हणाले, "बीस साल पुराना सेंटर है. मेरे पिताजी का खोला हुआ."

"पप्पा, स्क्रीन देखो ना."

स्टोअर सांभाळणारा टेकचंद मधेच बोलला, "जंगलातलं धान आहे सेठजी. असंच राहणार." सगळ्यांनी मान डोलावली. जंगलातलं धान म्हणजे काय? धान काय झाडावर लागते का तिथं? पण मीही गप्प बसली.

सेठजी माझ्याकडे वळले. "बेटा, पक्का है?"

मी म्हटलं, "आकडे रजिस्टरचेच आहेत, सेठजी."

ठरलं मग. पंचवीस तारखेला शेवटचा निर्णय, फेब्रुवारीपासून केंद्र बंद. तिथला केंद्रप्रमुख घनश्याम अन् दोन हमाल— तिघांचा हिशोब करून टाकायचा.

घनश्यामभाऊंना मी कधी पाहिलं नाही. चार वर्षांपासून फक्त आवाज. रोज पाचला फोन, धानाची पोती किती आली ते सांगायला— "म्याडम, लिहून घ्या. आज एकशे चाळीस कट्टे, ओलावा साडेतेरा." एक दिवस चुकला नाही. आजही पाचला आला. मी लिहून घेतलं.

१२ जानेवारी, रविवार

कपडे, भांडी, गुंजनच्या शाळेचा पुठ्ठ्याचा ज्वालामुखी. डोक्यात एकच. सेठजींनी विचारलं होतं— पक्कं आहे का? मी उत्तर दिलं— रजिस्टरचं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मला तेव्हाही माहीत होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

लॅबमध्ये तिळाचे लाडू. पाचला घनश्यामभाऊंचा फोन. "तिळगूळ फोनवरच घ्या म्याडम." मग आकडे सांगितले. मग थांबले.

"एक इचारू का? ट्रकवाला सांगून राहिला, इथला धान मोजायचा काटाच बंद होऊन राहिला म्हणते. खरं हाय का?"

"मला काही माहीत नाही, भाऊ."

सणाच्या दिवशी, तीळ तोंडात असताना, खोटं बोलली!

१५ जानेवारी

हिमांशूभैयाला म्हटलं, एकदा सालेकशाला जाऊन येते. म्हणाला, "वीडियो कॉल कर लो ना दीदी, पूरा दिन क्यों खराब करना." मी उद्याची रजा टाकली.

१६ जानेवारी, गुरुवार

जाऊन आली.

सकाळची पॅसेंजर. आमगावपर्यंत गर्दी, पुढे डबा मोकळा. खिडकीतून डोंगर जवळ येत गेले. स्टेशनवरून केंद्र चालत पंधरा मिनिटं. पत्र्याचं शेड, काटा, निळ्या ताडपत्र्या, त्यांच्यावर धान पसरलेलं. घनश्यामभाऊ म्हणजे आवाजावरून मला जाडजूड माणूस वाटत होता. निघाले किडकिडीत, पन्नाशीच्या आसपास, गळ्यात मफलर. मी नाव सांगितलं तर हातातला फावडा खाली ठेवून नमस्कार केला. पहिला प्रश्न— "चहा?" दुसरा विचारलाच नाही. काऊन आली, हे त्यांना कळलं होतं.

मी बसून पाहत राहिली. माणूस प्रत्येक कट्ट्यात हात घालतो, कोपरापर्यंत. तळातला मूठभर दाणा काढतो. दोन दाणे दाताखाली. कटकन आवाज आला तर काट्यावर, नाही तर ताडपत्रीवर. मशीनही आहे ओलावा मोजायची, ती नंतर. मशीन अन् दात, दोघांनी हो म्हटलं पाहिजे.

मुन्नीबाई नावाची एक शेतकरीण दरेकशाकडच्या गावातून आली होती. चार घरांनी मिळून एक ट्रॅक्टर, त्यात हिचे सहा कट्टे. भाऊंनी दोन कट्टे ताडपत्रीवर ओतायला लावले. बाई भडकली.

"हा माणूस लय तरास देते बाई! घरून वाळवून आणलं त इथं पुन्हा वाळवाले लावते. आमी काय दिवसभर उन्हात बसाव काय?"

"बस ना मावशी, दोन घंटे," भाऊ शांत. "ओलं गेलं त मशिनीत तुटते. मंग नाव कोणाचं खराब होते? सालेकशाचं."

मी जमिनीकडे पाहिलं.

ताडपत्रीच्या कडेला मुन्नीबाईजवळ बसली. तिने मला डब्यातली भाकर दिली, मी लाडू दिले. कंपनीची बाई आहे हे कळल्यावर तिने सरळ विचारलं. "पुढल्या वर्सी काटा राहीन का नाही? आमगावले न्या म्हटलं त सहा कट्ट्यांसाठी ट्रॅक्टर कोण देईन मले? मंग गावात जो येईन त्याले द्या, तो म्हणन तो भाव."

मी म्हटलं, पाहते. पाहते म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं.

निघताना वेगवेगळ्या पाच कट्ट्यांतून एकेक किलो धान घेतलं. पिशव्यांवर नंबर टाकले. भाऊंनी पिशव्या स्टेशनपर्यंत उचलून आणल्या. फलाटावर एवढंच म्हणाले, "म्याडम, मशीन लावून पाहा. जे निघन ते निघन."

१७ जानेवारी

लॅबच्या छोट्या मशीनवर पाचही नमुने काढले. कनकी— सोळा. सतरा. सोळा. पंधरा. सतरा.

परत काढले. तेच.

गोरेगावचा नमुना काढला. सतरा.

म्हणजे सालेकशाचं धान गोरेगावच्या तोडीचं, उलट थोडं सरसच. मग टीव्हीवर सत्तावीस कुठून आले? धान चांगलं निघतं तिथून, अन् तांदूळ होऊन बाहेर येतो तो तुटलेला. मधे फक्त आमची मिल आहे!

१८ जानेवारी, शनिवार

सापडलं. 

मिलचं मूळ रजिस्टर काढलं, नोव्हेंबरपासून एकेक पान. शेवटचा रकाना— "शेलर नं." शेलर म्हणजे धानाचं टरफल काढणारं यंत्र. आमच्याकडे दोन आहेत— एक नंबर नवा, दोन नंबर जुना. हा रकाना डॅशबोर्डमध्ये नाहीच. काऊन नाही? कारण मीच काढला. सप्टेंबरमध्ये. मला आठवते, रकाना अर्धा रिकामा होता, कुठे कुठे फक्त "२". मला वाटलं कोणी नीट भरत नाही, कचरा आहे. डिलीट.

खाली जाऊन लिहिणाऱ्याला विचारलं, रिकामं काऊन सोडता? तो म्हणाला, "रिकामं म्हणजे एक नंबर, म्याडम. दोन असलं तरच लिहितो. आधीपासून असंच आहे."

आधीपासून असंच आहे! सगळ्या मिलला माहीत. फक्त टीव्हीला माहीत नाही.

मग बसून मोजलं. गोरेगाव अन् कोहमाऱ्याचे ट्रक सकाळी येतात, त्यांचं धान एक नंबरच्या हौदात पडतं. सालेकशाचा ट्रक दूरचा, तीननंतर पोचतो. तोपर्यंत एक नंबरचा हौद भरलेला. मग तो जातो दोन नंबरला. नोव्हेंबरपासून सालेकशाच्या चौसष्ट खेपा. त्यातल्या साठ जुन्या शेलरमधून गेल्या.

सालेकसा लाल नव्हतं. दोन नंबरचा शेलर लाल होता.

१९ जानेवारी, रविवार

आनंद व्हायला पाहिजे होता. पण दोन नंबरचा शेलर म्हणजे तो चालवणारे केशोराव काका. एकाची मान सोडवायची तर दुसऱ्याची पुढे करायची. भाजी करपली आज.

२० जानेवारी, सोमवार

केशोराव काकांकडे गेली. एकतीस वर्षं त्या शेलरवर. मी नवीन होती तेव्हा यांनीच शिकवलं— मशीनचा आवाज जाड झाला की समजायचं दाणा तुटून राहिला.

सांगितलं सगळं. ऐकून घेतलं. मग पेटले.

"म्हणजे आता माझ्यावर? तिकडे त्या घनश्यामले काढता येत नाही म्हणून बुढ्याले काढाचं? वा गे पोरी!"

"काका, तुमच्यावर नाही. मला फक्त सांगा, दोन नंबरला एवढी कनकी काऊन होते?"

"तू मले इचारून राहिली? तू?"

आत गेले. पत्र्याच्या पेटीतून कागदांची चळत आणली, माझ्यासमोर आपटली. स्टोअरला दिलेल्या चिठ्ठ्या. शेलरमध्ये रबराचे दोन रोल असतात, त्यांच्यामध्ये धान घासलं जातं. रोल झिजले की जास्त दाबावं लागतं, जास्त दाबलं की दाणा मोडतो. काकांनी दिवाळीपासून अकरा वेळा लिहिलं होतं— रोल झिजले, बदलून द्या. अकराही चिठ्ठ्यांवर टेकचंदचं एकच उत्तर— "रिपोर्टप्रमाणे वेळ झाली नाही."

कोणता रिपोर्ट? खालीच टाचलेला होता. माझा.

ऑक्टोबरमध्ये मी काढलेलं पान. रंगीत छापलेलं, वर माझं नाव. दोन्ही शेलरचे रोल किती तास चालतात त्याची सरासरी काढली होती अन् लिहिलं होतं की रोलची दर जोडी ठरल्यापेक्षा चाळीस तास जास्त चालवून मगच बदलावी. सेठजींनी पाठ थोपटली होती तेव्हा. नव्या शेलरचे रोल चालतात तेवढे, खरं आहे. जुना त्याच्या आधीच खाऊन टाकतो. मी दोघांना एकत्र केलं अन् मधला आकडा काढला. तो आकडा कोणत्याच मशीनचा नव्हता.

काका म्हणाले, "मी एकडाव वर आलो होतो. तू टीव्हीवाल्यासंग बसली होती. म्हटलं, जाऊ द्या."

मी चिठ्ठ्या सरळ करून रचल्या.  कागद मागितले. काकांनी दिले. देताना म्हणाले, "जेवली का?"

२१ जानेवारी

हिमांशूभैयाला सांगितलं. दार लावून घेतलं त्याने. आधी तर ऐकेचना. मग रजिस्टर पाहिलं, मग चिठ्ठ्या, मग डोकं धरून बसला.

"दीदी, पप्पा पहले ही बोलते हैं कि टीव्ही पे धान नहीं बिकता. ये सुनेंगे तो सब बंद. आपका भी, मेरा भी."

मग म्हणाला, शनिवारी फक्त एवढं सांगू की नवीन डेटा आला, सालेकसा सुधारत आहे. निर्णय पुढे ढकलू. रोल गुपचूप बदलून टाकू. कोणाचं नुकसान नाही.

खरंच कोणाचं नाही? सालेकसा वाचतं. काका वाचतात. मीही वाचते. अन् काकांच्या अकरा चिठ्ठ्या पेटीत परत.

मला डॅशबोर्ड शिकायच्या कोर्सला यानेच पाठवलं. खुर्ची यानेच दिली. मी म्हटलं, विचार करते.

२२ जानेवारी, बुधवार

शनिवारी फक्त रजिस्टर दाखवून भागणार नाही. सालेकशाचा आजचा ट्रक एक नंबरवर घ्यायला लावला, गोरेगावचा दोन नंबरवर. हौदावरचे हमाल म्हणाले, उलटं काऊन? म्हटलं, आजच्या दिवस.

सालेकसा, नवा शेलर— १७.६
गोरेगाव, जुना शेलर— २६.८

काका बाजूला उभे होते. आकडा पाहून म्हणाले, "हे त मले कानानं माहीत होतं."

२४ जानेवारी

गुंजनच्या बाबांना विचारलं. म्हणाले, "साहेब सांगून राहिले तसं कर. काम झालं ना? मग नाव कोणाचं खराब झालं त काय नं नाही झालं त काय." मग जेवता जेवता स्वतःच म्हणाले, "पण तुले ते जमणार नाही. पोटात राहत नाही तुझ्या."

खरं आहे.

२५ जानेवारी, शनिवार

काकांना म्हटलं चला माझ्यासोबत. "मी काऊन येऊ? माझं काम खाली हाय. खरं सांगाचं हाय त एकटीनंही सांगता येते." एकटीच गेली.

हिमांशूभैयाने सुरुवात केली— पप्पा, थोडा नया डेटा आया है... मी उभी झाली. बसून बोलली असती तर बोललीच नसती.

सगळं सांगितलं. रिकामा रकाना मी काढला. त्यामुळे सालेकसा लाल दिसलं. दोन नंबरला कनकी होते ती रोल झिजल्यामुळे, अन् रोल वेळेवर बदलले नाहीत माझ्या रिपोर्टमुळे. केशोराव काकांनी अकरा वेळा लिहून दिलं. हे कागद. हे बुधवारचे आकडे. धान चांगलं आहे सेठजी, तुम्ही ज्याला काढणार होते तो माणूस दाणा दातानं तपासून घेतो.

टेकचंद म्हणाला, "मी तर रिपोर्टप्रमाणेच—"

"हो," मी म्हटलं. "तुमची चूक नाही म्हणूनच सांगून राहिली."

सेठजींनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. अकराच्या अकरा.  मला वाटलं आता नोकरी गेली.

मग हिमांशूभैया बोलला. मी अपेक्षा केली नव्हती. "पप्पा, दीदी ने कॉलम हटाया. लेकिन सेंटर बंद करने का मैंने बोला. और मैं सालेकसा एक बार भी नहीं गया. कार में सवा घंटा लगता है." मान वर केली नाही त्याने.

सेठजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "तो बेटा, अब मैं भरोसा किस पे करूं? इस टीव्ही पे कि इन चिठ्ठियों पे?"

मी म्हटलं, "टीव्ही फक्त दाखवतो सेठजी, कुठे जाऊन पाहायचं ते. मी गेली नाही. त्याच्यावरच थांबली. ती चूक टीव्हीची नाही."

सेठजींनी चिठ्ठ्या गोळा करून माझ्याकडे दिल्या. मग— सोमवारी दोन नंबरचे रोल बदला. दहा-बारा दिवस पाहू. तोपर्यंत सालेकसा चालू. शाबासकी नाही, रागावणंही नाही. उठताना हिमांशूभैयाला एवढंच म्हणाले, "कल गाड़ी निकाल. दोनों चलेंगे."

खाली आली. काकांनी नुसतं पाहिलं अन् स्टूल सरकवलं.

२७ जानेवारी, सोमवार

नवे रोल बसले. काकांनी नारळ फोडला! म्हटलं काका, रोलसाठी नारळ? म्हणाले, "अकरा अर्ज मंजूर झाले. मग?"

बाप-लेक काल सालेकशाला जाऊन आले. हिमांशूभैयाचे बूट अजून मळलेले. स्वतःहून म्हणाला, "दीदी, वो आदमी सच में दाँत से चेक करता है."

३० जानेवारी

डॅशबोर्डमध्ये रकाना परत टाकला. रिकाम्या जागी "१" भरून. तीन हजारांवर ओळी, हाताने तपासल्या. प्रत्येक पानाखाली एक ओळ नवीन टाकली— "हा आकडा कोणी जाऊन पाहिला? तारीख?" हिमांशूभैया म्हणाला, सुंदर नाही दिसत. म्हटलं, राहू द्या.

३ फेब्रुवारी

सर्दी. गुंजनलाही. ज्वालामुखीला दुसरा नंबर.

८ फेब्रुवारी, शनिवार

सालेकसा— १९.१. दोन नंबर शेलरवरूनच! टीव्हीवर तिन्ही केंद्रं हिरवी. सेठजी म्हणाले, "चालू रखो." दोन शब्द. आमगावचं नवं केंद्र रद्द.

पाचची वाट पाहत बसली. घनश्यामभाऊंना मीच सांगायचं होतं. फोन आला. आकडे लिहून घेतले, मग सांगितलं— भाऊ, काटा राहणार! मुन्नीबाईला सांगा.

"चांगलं झालं म्याडम. लोकायले सांगतो." मग थांबले. "पण मी नाही राहत. डोंगरगडच्या एका व्यापाऱ्याकडे काम धरलं. पंधरा तारखेपासून."

मी म्हटलं, भाऊ, आता तर सगळं नीट झालं. सेठजी स्वतः येऊन गेले ना?

"आले. बोलले चांगलं. राग नाही कोणावर." आवाज तसाच, कट्टे सांगताना असतो तसा. "पण दोन-अडीच महिने माझं केंद्र तिकडे लाल दिसून राहिलं होतं म्हणता. रोज पाचले मी फोन करत होतो म्याडम. रोज. एक दिवस कोणी इचारलं असतं— घनश्याम, कनकी जास्त येऊन राहिली, काऊन? मी त्याच दिवशी ट्रकात बसून आलो असतो. कोणी इचारलंच नाही. तुमीपण नाही."

मी पेन खाली ठेवलं.

"तुमी आल्या मात्र. ते ध्यानात राहीन," म्हणाले. फोन ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार

सेठजींनी पगार वाढवतो सांगितलं, भाऊ नाही म्हणाले. शब्द देऊन बसलेला माणूस आहे.

त्यांच्या जागेवर जायला कोणी तयार नाही. टेकचंदला विचारलं, तो म्हणाला घरी म्हातारी आई आहे. गोरेगावचा माणूस म्हणाला, "जंगलात कोण जाईन?" हिमांशूभैया हताश. नवीन माणूस ठेवला तर तो कट्ट्यात कोपरापर्यंत हात घालेल का, कोणाला माहीत. अन् ओलं धान यायला लागलं की पान परत लाल, या वेळी खरोखरचं. मग बंद करायला कोणाला विचारायचीही गरज नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पाचला फोन आला नाही. भाऊ हिशोब द्यायला गोंदियात आले होते, वर आलेच नाहीत. केशोराव काकांसोबत खाली चहा पिऊन गेले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सेठजींच्या केबिनमध्ये गेली. म्हटलं, सालेकशाला भाऊंच्या जागेवर मी जाते, कट्ट्यात हात मी घालते. सोमवारपासून. डॅशबोर्ड हिमांशूभैयाने सांभाळावा.

सेठजी हो म्हणाले.

घरी अजून सांगितलं नाही.